ताई, या महिन्याची सात गाणी

ताई, तुला जाऊन आज तेवीस दिवस झाले आणि उद्या महिन्याचा पहिला रविवार आहे. म्हणजे यादी द्यायची वेळ झाली. मी ती तयार केली आहे. कोणाला द्यायची, हा प्रश्न मला पडला नाही. तुलाच.

नियम तेच, तू घालून दिलेले. सात गाणी. महिन्याभरात निदान पाचदा ऐकलेलीच धरायची. चारचौघांत सांगायला बरं दिसतं म्हणून एकही घ्यायचं नाही. लहानपणचं जास्तीत जास्त एक, कारण तू म्हणायचीस, "म्हातारी गाणी आपोआप येऊन बसतात गा, त्याईले आवतन द्यायची गरज नाही." आणि समोरच्यानं सातही ऐकून त्यातलं एक काढून टाकायचं, कारणासकट. शाळेत जन्मभर गणित शिकवलेल्या बाईला शोभतील असे नियम. अकरा वर्षं आपण ते पाळले, तू नागपूरच्या नंदनवनातून आणि मी मौद्यातून. माझ्या बायकोला वाटायचं, बहीणभाऊ फोनवर घरच्या काळज्या बोलतात. काळज्या राहून जायच्या. बोलणं असायचं ते तिसऱ्या गाण्यातल्या ढोलकीवर.

तर ऐक.

या महिन्यात सगळ्यात जास्त वाजलं ते गिटार. आफ्रिकेच्या वाळवंटातला कोणी माणूस आहे, डोक्याला लांब कापड गुंडाळलेलं. तंबूबाहेर बसून तो चारच सूर पुन्हा पुन्हा फिरवतो आणि मागे बायका टाळ्या देतात. सहा मिनिटांत काही घडत नाही. तरी मी दर वेळी शेवटपर्यंत बसतो. गिरणीतला मोठा पट्टा नीट बसला की अशीच चाल धरतो, म्हणून असेल, मला ते पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. दुसरं गडचिरोलीकडचं गोंडी लग्नातलं गाणं, कोणीतरी मांडवात फोन उंच धरून घेतलेलं. वीस-पंचवीस बाया एका सुरात गातात आणि त्यातली एक दर ओळीला इतरांच्या किंचित आधी निघते. तिला घाई आहे. मी त्या एकीसाठी ऐकतो. तिसरं ऐकून तू कपाळावर हात मारशील. सध्या प्रत्येक वरातीत वाजतं ते नवीन सिनेमातलं, ज्याच्यावर गावातली सगळी पोरं खांदे उडवतात. तू हेच काढशील, मला माहीत आहे, आणि मी ते ठेवणार आहे. दुसऱ्या कडव्याआधी त्यात क्लॅरिनेटचा एक तुकडा आहे, डोळ्याचं पातं लवेपर्यंतचा. ज्यानं तो तिथे ठेवला त्याला संगीत कळतं. बाकीचं गाणं त्यानं पोटासाठी केलं असेल.

चौथी एका दर्ग्यातली कव्वाली. म्हातारा कव्वाल एका शब्दावर अडकतो आणि सुटतच नाही, सात-आठ वेळा तोच शब्द वेगवेगळ्या बाजूंनी धरून पाहतो. पाचवी बासरी.

हो, बासरी. मुद्दाम ठळक सांगतो, कारण बासरीवरूनच तू मला पकडलं होतंस.

आपलं मुख्य भांडण तुला आठवतच असेल. मी म्हणायचो, गाणं म्हणजे शब्द. चाल ही गाडी आहे, आत बसलेला माणूस शब्द. तू म्हणायचीस, "शब्द तर पेपरातही असतात. त्याच्यासाठी गाणं काहून ऐकू?" मी गिरणीतला मिस्त्री असून शब्दांच्या बाजूनं आणि तू मास्तरीण असून आवाजाच्या बाजूनं, हे ऐकून लोक हसायचे. पण आपण खरंच भांडायचो. एकदा एका लावणीतल्या एका ओळीवरून तू मला दोन दिवस उत्तर दिलं नव्हतंस.

मग पाच वर्षांपूर्वी मी हरायला लागलो. हळूहळू. तू म्हणायचीस शब्दांत काही नाही, आणि मी म्हणायचो, बरोबर आहे तुझं, ठेका महत्त्वाचा. दुसरी कोणी असती तर जिंकल्याचा आनंद मानला असता. तुला संशय आला.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी तू सकाळच्या एसटीनं मौद्याला आलीस, न सांगता. अंगणात खाटेवर बसलीस आणि पिशवीतून शंभरपानी वही काढलीस. त्यात तू माझ्या मागच्या दहा महिन्यांच्या याद्या उतरवून तक्ता मांडला होतास. वर रकाने: बासरी, बाईचा आवाज, सनई, झांज, ढोल, पुरुषाचा भारी आवाज. पहिल्या चार रकान्यांत वरच्या दोन-तीन ओळींनंतर सगळी शून्यं.

"हे पाय," तू म्हणालीस. "आठ महिन्यांपासून तुह्या यादीत एक बासरी नाही. एक बाई नाही. सगळे ढोल आणि सगळे बाप्ये. काहून?"

"आवड बदलते माणसाची."

"एवढी सरळ रेषेत नाही बदलत."

मी हसण्यावारी नेलं. मग तू पदर उचलून तोंडावर धरलास, दोन्ही ओठ झाकले, आणि पदराआडून काहीतरी बोललीस. मी म्हटलं, "हाव, चहा ठेवायला सांगतो." तू पदर खाली घेतलास. तुझा चेहरा मला आजही दिसतो. त्यात जिंकल्यासारखं काही नव्हतं.

"मी चहाचं नाही म्हटलं, विनू."

"मग काय म्हटलं?"

"तू माह्या ओठाकडे पाहून ऐकून राहिला. किती दिवसांपासून?"

मी चिडलो. मला माहीतच नव्हतं ग, खरंच नव्हतं. सुनीता चार वर्षं म्हणत होती की मी घरात लक्ष देत नाही, आणि मी ते मान्यही केलं होतं. लक्ष न देणारा नवरा व्हायला मला चाललं असतं. बहिरा मिस्त्री व्हायला चाललं नसतं. त्या दिवशी मी तुला बरंच बोललो. म्हणालो, तुला शाळा सुटल्यावर काम उरलं नाही म्हणून माझ्या याद्या तपासत बसतेस. तू वही पिशवीत घातलीस, सुनीताच्या हातचा झुणका आणि भाकर खाल्लीस, तिला भाजीचं काहीतरी विचारलंस आणि साडेबाराच्या गाडीनं परत गेलीस. मी गाडीपर्यंत सोडायलाही आलो नाही. मौद्याच्या त्या उन्हात तू एकटी स्टँडवर चालत गेलीस. हे मी तुझ्याजवळ कधी बोललो नाही, आता बोलतो: ते चुकलं.

पदराआड काय म्हणाली होतीस, हे नंतर मी तुला किती वेळा विचारलं. दर वेळी तू म्हणालीस, "विसरली." तू काही विसरणारी नव्हतीस.

मी राईस मिलमध्ये मिस्त्री होऊन एकतीस वर्षं झाली. धान सोलायचं यंत्र, धान वर चढवणाऱ्या बादल्यांची माळ, पट्टे, बेअरिंगा, सगळं माझ्या हाताखालून जातं. मालकानं कानात घालायचे बोळे कधीचेच आणून दिले होते. डबा माझ्या खणात न फोडता पडला होता. मशीनचा आजार मिस्त्रीला कानानं कळतो, कान बुजवून कसा कळणार, असं मी नव्या माणसांना ऐकवायचो. त्याच कानानं मला दगा दिला. तू येऊन गेल्यावर आठ-नऊ दिवसांनी वरच्या फळीवरची एक बेअरिंग जाम झाली, पट्टा तुटला आणि चाबकासारखा भिंतीवर बसला. भिंतीचं प्लास्टर उडालं. तिथे रोज पोती शिवणारे दोघं उभे असतात, त्या वेळी ते पाणी प्यायला गेले होते. धान ओतणारी बाई माझ्याजवळ आली आणि साधेपणानं म्हणाली, "मिस्त्री, तीन दिवसांपासून तिथं शिट्टी वाजून राहिली होती. मले वाटलं तुमाले माहीत असंन."

मला काही ऐकू आलं नव्हतं. मी हात पुसले, बाहेर लिंबाखाली गेलो आणि तुला फोन लावला. मागची कोणतीच गोष्ट तू काढली नाहीस. म्हणालीस, "शनिवारी ये. मी सीताबर्डीले नंबर लावून ठेवते."

कानाच्या दवाखान्यात मला काचेच्या खोलीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ मी बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो आणि काचेपलीकडे तू माझ्याकडे न बघता मशीनवरच्या बाईंच्या कागदाकडे बघत होतीस. मला तेव्हाच कळलं की आवाज येत आहेत, फक्त माझ्यापर्यंत नाहीत. नंतर डॉक्टर बाईंनी कागद पुढे केला. त्या समजावायला लागणार तेवढ्यात तू तो उचललास आणि फळ्याजवळ उभी राहिल्यासारखी बोलायला लागलीस. "ही आडवी रेघ म्हणजे खालच्या आवाजापासून वरच्या आवाजापर्यंत. इथवर तू ठीक आहे. ढोल, मृदंग, बाप्याचा आवाज, सगळं इकडे. इथून पुढे रेघ घसरते. बासरी इकडे राहते. शिट्टी इकडे. अन् शब्दाचे काठ इकडे राहतात, स, श, त, फ. म्हणून तुले शब्द ऐकू येतात पण समजत नाहीत." डॉक्टर बाई ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही याच क्षेत्रातल्या का?" तू म्हणालीस, "नाही. मी आलेख शिकवायची."

पंधरा दिवसांनी यंत्रं आली, दोन्ही कानांची. दवाखान्यातून खाली उतरलो तर बर्डीचा रस्ता अंगावर आला. ऑटोचे ब्रेक, चपला, कोणाच्या तरी पिशवीतलं कागदाचं चुरचुरणं. मी म्हटलं, हे काढून ठेवतो. तू हाताला धरून मला आतल्या गल्लीत नेलंस, एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलंस आणि फोन माझ्या कानाशी धरलास. "मले काही सांगू नको. फक्त ऐक."

बासरी होती. पहिलं मिनिटभर मला फक्त बासरी ऐकू आली. मग त्या सुरांच्या मधे आणखी काहीतरी यायला लागलं, बारीक, कापडावरून हात फिरावा तसं.

"ताई, हा श्वास घेऊन राहिला."

"मंग," तू म्हणालीस, "बिना श्वासाची बासरी वाजते काय?"

तू हसत होतीस आणि माझ्याकडे पाहत नव्हतीस. समोरून एक माणूस पाण्याचे कॅन घेऊन जात होता, त्याच्याकडे पाहत होतीस. त्या पायरीवर मी तुझे आभार मानायला हवे होते. मी काय म्हणालो? म्हणालो, "आता शब्द नीट येतील. आता मी तुले हरवतो." आणि पुढची चार वर्षं आपण परत पहिल्यासारखे भांडलो. बघितलं तर तुला तेच हवं होतं. तरी आभार राहिलेच, ते इथे लिहितो. तुझ्यामुळे माझं काम टिकलं. तुझ्यामुळे सुनीताचा आवाज कसा आहे हे मला पुन्हा कळलं. तो थोडा नाकात आहे आणि फार छान आहे.

आता एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तुझ्यापासून लपवली.

यंत्रं आल्यावर मी बहिऱ्या महिन्यांतल्या तुझ्या सगळ्या याद्या काढल्या आणि पहिल्यापासून ऐकल्या. जी गाणी मी काढून टाकली होती तीसुद्धा. त्यात एक होतं, सातव्या नंबरावर, नाव नसलेलं. तू फक्त लिहिलं होतंस, "एका बाईचं." पेटीवर एक बाई गाते. तेव्हा मी तुला उत्तर पाठवलं होतं, "सातवं काढ. बाई पिंपात तोंड घालून गाऊन राहिल्यासारखी वाटते." आणि तू लिहिलं होतंस, "बरं."

या वेळी ते लागलं आणि दुसऱ्या ओळीला माझ्या हातातला चहा तसाच राहिला. ती तू होतीस. गाणं कोणाचं नव्हतं, तुझंच असावं. शब्दही तुझे. शाळेच्या रिकाम्या वर्गावर होते, पुसलेल्या फळ्यावर, ज्याच्यावर कालचं थोडं दिसत राहतं. शब्दांना किंमत नाही म्हणणारी तू, शब्द लिहून बसली होतीस. पेटी तू निवृत्तीनंतर शिकायला लागल्याचं मला ठाऊक होतं, पण तू गातेस हे नव्हतं.

मी लगेच फोन करायला हवा होता. केला नाही. मनात ठरवलं की तोंडानं सांगायचं नाही, एखाद्या महिन्याच्या माझ्या यादीत ते पहिल्या नंबरावर टाकायचं, काही न लिहिता. तू उघडशील आणि तुला कळेल. मग वाटलं, तुझ्या वाढदिवसाच्या महिन्यात टाकू. मग त्या वर्षी तुझा पाय मुरगळला आणि ते राहिलं. मग वाटलं, आता इतक्या उशिरा काय. असं करत साडेतीन वर्षं गेली. सांगून टाकलं असतं तर तू "बरं" म्हणाली असतीस, यापेक्षा जास्त काही नाही, आणि मला ते पुरलं असतं.

खोटं बोलणार नाही, दुसऱ्या कडव्यात तुझा सूर दोनदा सुटतो आणि पेटी तुझ्यामागून पळत येते. पण पुसलेल्या फळ्यापाशी तू जे थांबतेस ना, ते शिकवून येत नाही. या महिन्याच्या यादीत सहावं तेच आहे. पाच नाही, पन्नास वेळा ऐकलं. हे काढायचा अधिकार मी तुला देत नाही.

तुझी शेवटची यादी रविवारी आली आणि गुरुवारी तू गेलीस. त्या चार दिवसांत मी सातही ऐकली होती. सारंगी, जयंतीच्या मिरवणुकीतलं एका बाईचं खणखणीत भीमगीत, कोकणातल्या कोळ्यांचं, एक जुनं नाट्यपद, एक संतूर, एक बंगाली काहीतरी ज्यात होडीचा आवाज आहे, आणि चौथ्या नंबरावर नागपूरच्या दोन पोरांचं ते रॅप. कूलरच्या घरघरीचा ठेका करून त्यावर दोघं वऱ्हाडीत बोलतात. उन्हाबद्दल, बंद पडलेल्या पंपाबद्दल, गच्चीवर चढून टाकीत वाकणाऱ्या आईबद्दल. तू चौसष्ट वर्षांची होतीस आणि या महिन्यात तुला ते लागलं होतं. तू खाली लिहिलं होतंस, "यातले शब्दही चांगले आहेत. हुरळून जाऊ नको."

तेरवीच्या दिवशी नंदनवनच्या घरी सत्तर-ऐंशी माणसं होती. कोणीतरी भजनांची तयार यादी लावण्यासाठी मोठा स्पीकर आणून ठेवला होता. तुझी आणि भजनांची कधी दुश्मनी नव्हती, पण गेल्या अकरा वर्षांत तुझ्या एकाही यादीत ती भजनं नव्हती. मी स्पीकरजवळ गेलो आणि त्याला माझा फोन जोडला. कोणाला विचारलं नाही. सारंगी लागली तेव्हा सगळ्यांना वाटलं, प्रसंगाला साजेसं आहे. भीमगीत लागलं तेव्हा तुझ्या शाळेतल्या दोन बाई टाळीचा ठेका धरून मान हलवायला लागल्या. कोळ्यांपर्यंत लोकांनी निभावून नेलं. मग कूलर सुरू झाला.

आधी सगळ्यांनी भिंतीवरच्या खऱ्या कूलरकडे पाहिलं. मग ती पोरं बोलायला लागली. पंगतीत वाढणारे थांबले. आपली आत्या, ऐंशीच्या पुढची, आतल्या खोलीतून काठी टेकत बाहेर आली.

"विनू, हे काय लावून राहिला गा? माणूस गेलं आहे घरातलं."

"आत्या, हे ताईचंच आहे."

"तिचं कसं असंन हे?"

"तिनं या महिन्यात मले पाठवलं. रोज ऐकत होती. तिच्या तेरवीले तिचं नाही लावायचं, तर कोणाचं लावायचं?"

मी मोठ्यानं बोललो नाही. आत्या तिथेच उभी राहून ऐकू लागली. त्या पोरांच्या टाकीत वाकणाऱ्या आईपाशी गाणं आलं तेव्हा तिनं काठी भिंतीला टेकवली आणि तिथेच खुर्चीत बसली. "हे बाकी खरं आहे," म्हणाली, "टाकीत वाकून माही कंबर गेली." मग वाढप परत सुरू झालं. सातही गाणी वाजली. तुझं, ते एका बाईचं, मी लावलं नाही. ते तू मला पाठवलं होतंस, लोकांना नाही.

भाऊजी सगळा वेळ दाराजवळ बसून होते. तुझा नवरा मला पस्तीस वर्षांत पूर्ण कळला असं मी म्हणणार नाही. कळमन्याच्या बाजारात मापाडी म्हणून जन्म गेला, पहाटे संत्र्याच्या ढिगाऱ्यात जायचं, दिवसभर काट्यावर वजनं ओरडून सांगायची, घरी आलं की शांतता हवी. म्हणून तू कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकायचीस. पस्तीस वर्षं एका घरात राहून त्यांनी तू काय ऐकतेस हे कधी ऐकलं नव्हतं, आणि तूही कधी ऐकवलं नव्हतंस. यात दोष कोणाचा, हे ठरवायला मी बसलो नाही. माणसं पांगल्यावर, चारेकच्या सुमाराला, मी वायर गुंडाळत होतो तर ते जवळ आले.

"हे सगळं ती ऐकत होती?"

"हाव, भाऊजी."

"ते पोट्ट्याईचं पण?"

"ते जास्तच."

ते खाली बसले. "पुन्हा लाव."

मी लावलं. संपल्यावर म्हणाले, "मले नाही आवडलं." मग गुडघ्यावर हात टेकले. "पण तिले काहून आवडत होतं ते पाहा लागते. पुन्हा लाव." असं तीनदा झालं. ते रडले नाहीत, तू विचारशील म्हणून सांगतो. जमिनीकडे पाहत ऐकत होते, काट्याकडे पाहतात तसे, आकडा स्थिर होईपर्यंत.

गेल्या रविवारी ते मौद्याला आले. एकटे, एसटीनं. मी अंगणात खाट टाकली, सुनीतानं चहा आणला. ते जरा अवघडले होते. माझी तब्येत विचारली, गिरणीचं विचारलं, या वर्षीच्या संत्र्याच्या बहाराचं सांगितलं. मग शर्टाच्या खिशातून तुझा फोन काढला. आता तो ते वापरतात.

"मी एक घेतलं आहे याच्यात," म्हणाले. "शेजारच्या पोरीनं दाखवलं कसं घ्यायचं ते. पाहा बरं, हे गाण्यात धरता येते काय."

मी दोन्ही कानांच्या यंत्रांचा आवाज जरा वाढवला आणि फोन मांडीवर ठेवला.

कळमन्याचा बाजार होता, पहाटेचा. आधी खोक्यांची आदळआपट, दूर कुठे ट्रक मागे घेतात त्याची टुकटुक. मग लिलाव पुकारणाऱ्याचा आवाज चढला. तो आकडा पुकारायचा आणि चारी बाजूंनी माणसं त्यावर आकडे टाकायची, कोणी भसाड्या, कोणी किनऱ्या आवाजात, आणि तो प्रत्येकाचा आकडा उचलून आपल्या चालीत बसवून परत द्यायचा. एका ठिकाणी सगळे एकदम थांबले. त्या शांततेत कोणाचं तरी हसणं आलं, आणि अगदी जवळून, फोनला लागूनच, भाऊजींचा खोकला. मग नवीन ढिगाऱ्यापाशी परत सगळं खालून सुरू झालं. अकरा मिनिटं. मी मधे एकदाही हात लावला नाही. या यादीतलं सातवं मी नंतर ठरवायचं म्हणून मोकळं ठेवलं होतं, ते तिथेच ठरलं; पाचदाचा नियम याच्यापुरता मोडला.

भाऊजी माझ्या तोंडाकडे पाहत होते.

"धरता येते, भाऊजी," मी म्हटलं. "चांगलं आहे."

त्यांनी फोन उचलला, शर्टाच्या बाहीनं काच पुसली आणि खिशात ठेवला.

"मंग उद्या जवळून घेतो," म्हणाले. "हे खिशातून घेतलं होतं."